खमिराविना सात दिवस

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे आमच्या एकत्र कुटुंबांत ‘यंदा कोठें?’ हा प्रश्न निघतो आणि चारदोन दिवसांच्या वादानंतर माथेरान किंवा कोंकण यांवर तडजोड होते. २०१९ सालीं मात्र वाद झाला नाहीं. आमच्या आत्याबाईंनीं, वय वर्षें एक्यायशीं, फाल्गुनांतच जाहीर केलें कीं, आपणांस एकदां इस्राएलला जावयाचें आहे, आणि तेंही तिकडील वल्हांडणाच्या सणाला. त्यांची बाळपणची मैत्रीण तेथें अश्दोद शहरांत राहते. अलिबागच्या इस्राएल आळीला लागून आमच्या आजोबांचें बिऱ्हाड होतें. दोघी एका शाळेंत गेल्या, एका विहिरीवर पाण्याला गेल्या, आणि १९६६ सालीं ती मैत्रीण नवरा व दोन मुलें घेऊन देश सोडून गेली. तेव्हांपासून पत्रें, मग टेलिफोन. परंतु प्रत्यक्ष भेट त्रेपन्न वर्षांत नाहीं. एकीचे डोळे व दुसरीचे गुडघे पाहतां यापुढें ही गोष्ट लांबणीवर टाकण्यासारखी नव्हती. तेव्हां आम्ही लहानथोर सातजण निघालों.

ज्या वाचकांचा पूर्वीच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्याशीं संबंध नाहीं, त्यांच्यासाठीं चार शब्द सांगितले पाहिजेत. बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच माणसें वांचलीं. पुढें त्यांनीं तेलाचे घाणे घातले; शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून गांवकऱ्यांनीं त्यांस शनवार तेली म्हटलें. आडनांवें गांवांवरून पडलीं : पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. सणांचीं नांवेंही मराठीच. खिरीचा सण, दरफाळणीचा सण, आणि वल्हांडणाला ‘अनाशी ढाकाचा सण’. कारण अनास नांवाच्या आंबट पदार्थाचें मडकें त्या दिवसांत झांकून ठेवीत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं हें सारें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेविलें, परंतु तो ग्रंथ छापून निघाला १९३७ सालीं, आणि तोही तेल अवीव येथें. १९४८ च्या सुमारास ही मंडळी हिंदुस्थानांत सुमारें २०,००० होती. आज पांच हजारांहूनही कमी उरली आहेत.

यहुदी पंचांग आपल्यासारखेंच चांद्रमासांचें असून १९ वर्षांत सात अधिक मास धरतें. त्यामुळें वल्हांडण ज्या निसान महिन्याच्या पौर्णिमेला येतो, ती बहुधा आपल्या चैत्री पौर्णिमेशींच येऊन मिळते. त्या वर्षीं तर १९ एप्रिल, शुक्रवार, या एका दिवशीं हनुमानजयंती, ख्रिस्ती लोकांचा गुड फ्रायडे आणि वल्हांडणाची पहिली रात्र अशीं तिन्ही एकत्र आलीं.

आम्ही पांच दिवस आधीं जेरुसलेमला पोहोंचलों. विमानतळावरून शहरांत जाणारी नवी आगगाडी सहाच महिन्यांपूर्वीं सुरू झाली होती. तिचें जेरुसलेमचें स्थानक जमिनीखालीं ऐंशी मीटर खोल आहे, आणि तेथून सरकत्या जिन्यांवरून वर येतांना आत्याबाईंनीं अखंड रामनाम घेतलें. वर आल्यावर पाहतों तों सारें शहर झाडलोटींत गुंतलेलें. दिवाळीपूर्वींचें आपलें घर वाचकांनीं डोळ्यांसमोर आणावें आणि त्याला दहानें गुणावें. गहूं, जव, राय, ओट आणि स्पेल्ट नांवाचा एक जुना गहूं, या पांच धान्यांचा पाण्याशीं संयोग होऊन तें जरा फुगलें कीं तें ‘हामेत्स’, म्हणजे खमीर, झालें. आणि त्याचा कणही सात दिवस घरांत राहतां कामा नये. म्हणून गाद्या उलथ्या होतात, पुस्तकांचीं पानें झटकलीं जातात, कपड्यांचे खिसे उलटे करून झाडतात. कांहीं मोहल्ल्यांत रस्त्यावरच उकळत्या पाण्याच्या प्रचंड कढया मांडल्या होत्या, आणि बायाबापड्या घरांतील भांडीं जाळ्यांत घालून त्यांत बुडवून शुद्ध करून नेत होत्या. आत्याबाई तेथें पाऊण तास उभ्या राहिल्या. सोळा वर्षांची होऊन सासरीं गेल्यावर सोंवळ्याचे जे नियम त्यांनीं पाळले, त्यांची आमच्या घरच्या नव्या सुनांनीं थट्टा केली होती. आतां त्या सुना गप्प उभ्या आहेत हें त्यांनीं एकदां वळून पाहून घेतलें.

वाण्याच्या दुकानांत पावाचीं व बिस्किटांचीं फडताळें पांढऱ्या कागदानें झांकलेलीं असतात. १९८६ च्या एका कायद्यानें सणाच्या दिवसांत यहुदी वस्तींत खमिराचे पदार्थ विक्रीस उघडे मांडण्यास बंदी आहे. सरकारी कोठारांतील धान्याचें काय, असा प्रश्न आमच्यांतील वकिलांनीं काढला. त्याची सोय मोठी चतुराईची आहे : अबू घोश गांवच्या एका अरब गृहस्थास तें सारें रीतसर करार करून विकावयाचें आणि सण सरल्यावर पुन्हां त्याच्याकडून घ्यावयाचें, असा प्रघात कित्येक वर्षें चालत आलेला आहे.

आमच्यापुढें मात्र खरा प्रश्न होता भाताचा. युरोपांतून आलेले यहुदी या सणांत तांदूळ व कडधान्यें वर्ज्य मानतात. पूर्वेकडचे बहुतेक खातात. आमच्या खाणावळीचा मालक पहिल्या पंथाचा निघाला. साबुदाणा उपासाला चालतो आणि उकडलेला भात चालत नाहीं, हें जे लोक बिनतक्रार मान्य करतात त्यांना या भेदाला हंसण्याचा अधिकार नाहीं, असें ठरवून आम्हीं बटाट्यांवर दिवस काढले.

गुरुवारीं रात्रीं घरोघर मेणबत्ती व पीस घेऊन खमीर शोधण्याचा विधि होतो आणि शुक्रवारीं सकाळीं तें जाळतात. चौकाचौकांतून लहान लहान होळ्या पेटल्या होत्या. मुलें पावाचे तुकडे टाकून नाचत होतीं. आमच्याजवळ गव्हाच्या दशम्या व चकल्या उरल्या होत्या, त्या आम्हीं नाश्त्याला संपविल्या. पोहे आणि आमसुलें तेवढीं ठेविलीं. त्या पहांटे आत्याबाईंनीं खोलींतच मारुतीच्या तसबिरीपुढें सुंठवडा केला होता. त्यांत धान्य नाहीं हें लक्षांत येऊन तोही डबींत भरला.

दहाच्या सुमारास जुन्या शहरांतून एक फेरी मारली. एका गल्लींतून खांद्यावर लांकडी क्रूस घेतलेले यात्रेकरू चालले होते. आणि दोन वळणें पलीकडे, मुसलमान वस्तींत, तीळ लावलेले लांबट कडीसारखे पाव हातगाडीवर रचलेले, त्यांचा वास गल्लीभर. भिंतीच्या या बाजूला जें जाळतात तें त्या बाजूला गरम गरम विकतात. तेथील पाववाला आम्ही भारतीय आहों असें पाहून आनंदानें बोलला, आणि मग म्हणाला कीं, त्याची बहीण पश्चिम किनाऱ्यावर राहते व या आठवड्यांत तिला इकडे येतां येणार नाहीं. सणाच्या दिवसांत पॅलेस्टिनी लोकांच्या इस्राएलमध्यें येण्याच्या वाटा लष्कर बहुधा बंद करतें. मिसरच्या दास्यांतून सुटल्याचा हा सण आहे, हें त्या वेळीं आमच्यांपैकीं कोणीं बोलून दाखविलें नाहीं, परंतु दिवसभर तें आमच्या मनांतून गेलें नाहीं.

दुपारनंतर बसगाड्या बंद होतात, म्हणून एक वाजण्याच्या आंत अश्दोद गांठलें. शहर अगदीं नवें, १९५६ सालीं वसविलेलें. बंदर १९६५ चें. समुद्र मात्र जुना आणि आमच्या ओळखीचा वाटला, कारण त्याचा वारा अलिबागच्या वाऱ्यासारखाच दमट होता. मैत्रिणीचें घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलें तें तिनेंच. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या, मग ती म्हणाली, “अगो, तूं एवढी वाळलीस कशी?” आणि आत्याबाई म्हणाल्या, “तूं एवढी सुटलीस कशी?” त्यानंतर बराच वेळ आम्हां इतरांकडे कोणाचें लक्ष नव्हतें.

त्या घरीं एक खोली जाड काँक्रीटच्या भिंतींची व पोलादी झडपेच्या खिडकीची आहे. १९९२ नंतरच्या नव्या घरांना अशी आश्रयाची खोली कायद्यानेंच बांधावी लागते. एरवीं वर्षभर त्या खोलींत वल्हांडणाचीं भांडीं ठेवलेलीं असतात. तीं सात दिवसांपुरतीं बाहेर निघतात. मांस व दूध यांचीं भांडीं वेगळीं, वल्हांडणाचीं त्याहून वेगळीं. आणि आमच्यासाठीं म्हणून मैत्रिणीनें आणखी एक कोरें पातेलें आणून त्यांत भात व नारळाच्या दुधाची बटाट्याची भाजी केली होती. बेने इस्राएल या सणांत भात खातात, हें ऐकून आमच्या मुलांनीं टाळ्या वाजविल्या. त्या खोलीविषयीं येथेंच सांगून टाकतों : ऑक्टोबर २०२३ मध्यें हमासच्या हल्ल्यांत इस्राएलमधील सुमारें १,२०० माणसें मारलीं गेलीं, पुढें गाझांत हजारों माणसें, बायकामुलांसह, मृत्युमुखीं पडलीं, आणि अश्दोदवरही अग्निबाण येत होते, तेव्हां ती म्हातारी रात्रीं त्याच भांड्यांच्या कपाटाला टेकून बसे.

सूर्यास्तानंतर मेज मांडलें. त्या विधीला ‘सेदेर’ म्हणतात. शब्दाचा अर्थच क्रम असा आहे. एका तबकांत कडू पाला, खाऱ्या पाण्यांत बुडविण्याची भाजी, भाजलेलें अंडें, भाजलेलें हाड आणि विटांच्या चुन्याचें प्रतीक म्हणून गोड चटणी. येथें ती खजुराची होती. हाडाच्या बाजूला पाठ येईल अशी आत्याबाईंची खुर्ची आधींच लावलेली होती. शेजारीं ‘मत्सा’, म्हणजे बेखमीर भाकरी. पीठ भिजल्यापासून अठरा मिनिटांच्या आंत ती भाजून निघाली पाहिजे. चवीला ती कडक, कोरडी आणि बिनमिठाची.

घरांतील सर्वांत धाकट्या मुलानें चार प्रश्न विचारावयाचे आणि वडिलांनीं मिसरमधून सुटकेची कथा सांगावयाची, हा विधीचा गाभा. मैत्रिणीच्या नातवानें हिब्रूंत प्रश्न म्हटले. नंतर तिनें एक जुनें पुस्तक उघडलें. डाव्या पानावर हिब्रू, उजव्या पानावर मराठी. ही हागादा तिच्या सासऱ्यांची. हिब्रू-मराठी हागादा आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून छापल्या जात. १८७४ सालीं पुण्यास जी सचित्र निघाली, ती विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या शिळाछापखान्यांत, आणि तींतील चित्रांत लुगडीं नेसलेल्या बायका मत्सा भाजीत आहेत. नवरा असेपर्यंत त्या घरीं दरवर्षीं मराठी पानही वाचलें जाई. मुलाला तें बोलतां येतें, वाचतां येत नाहीं. नातवंडांना ‘आजी’ व ‘पाणी’ यांपलीकडे कांहीं नाहीं. तिचे स्वतःचे डोळे आतां बारीक अक्षराला चालत नाहींत, आणि चार वर्षें तें पान उघडून नुसतें मेजावर ठेवण्यांत येत होतें.

तिनें पुस्तक आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांपुढें सरकविलें. मुलगा इंग्रजी शाळेंतला. मराठी वाचतांना अडखळतो म्हणून त्याला घरीं रोज बोलणीं बसतात. जुन्या वळणाचीं अक्षरें, अनोळखी शब्द. त्याचे कान लाल झाले. परंतु त्यानें बोट ठेवून, दोनदां मागें येऊन, चारही प्रश्न वाचले. मैत्रीण डोळे मिटून ओठ हलवीत होती. वाचन संपल्यावर तिच्या मुलानें हिब्रूंत कांहीं विचारलें; तिनें आम्हांला सांगितलें, “विचारतोय, पुढल्या वर्षीं काय करायचं?” त्यावर उत्तर कोणापाशींच नव्हतें. आमच्या धाकट्या जाऊबाईंनीं तेवढीं पानें मोबाईलवर टिपून घेतलीं आणि मुलगा ती मोठ्यानें वाचून पाठवील असें कबूल केलें.

मध्यरात्रीच्या सुमारास एलियाहू नबीसाठीं दार उघडून ठेवतात. कोंकणांत याच नबीच्या नांवानें मलिद्याचें ताट मांडतात, म्हणून बेने इस्राएलांना तो घरचाच. दाराबाहेर जिन्यावर पौर्णिमेचें चांदणें पडलें होतें. आत्याबाईंनीं तेव्हांच डबी काढली. मैत्रिणीच्या मुलानें आंत काय काय आहे तें नीट विचारून घेतलें. सुंठ, खोबरें, साखर एवढें ऐकून मान डोलावली, पण तोंवर म्हातारीनें चिमूट तोंडांत टाकलीही होती.

इतक्या उशिरां तिनें आम्हांला सांगितलें कीं, १९६२ पासून दोन वर्षें येथील धर्माधिकारी बेने इस्राएलांशीं विवाह करण्यास हरकत घेत होते. लोकांनीं जेरुसलेमला धरणें धरलीं, आणि १९६४ मध्यें त्यांना सर्व बाबतींत यहुदी म्हणून मान्यता मिळाली. तिच्या नवऱ्यानें तोंवर मुद्दाम वाट पाहिली. “संशय घेणाराच्या घरीं कशाला जायचं?” असें तो म्हणे.

पुढील आठवड्याचें वर्णन थोडक्यांत पुरे. मृतसमुद्र पाहिला, समुद्रसपाटीखालीं सुमारें ४३० मीटर असलेलें तें पाणी दरवर्षीं जवळजवळ एक मीटरनें खालीं जात आहे, आणि जुन्या किनाऱ्याच्या खुणा दूरवर कोरड्या पडलेल्या दिसतात. सगळा देश सहलीला निघालेला, आणि प्रत्येक झाडाखालीं मत्सेचा चुरा. हैफा येथें, २३ सप्टेंबर १९१८ रोजीं म्हैसूर व जोधपूरच्या घोडेस्वारांनीं भाले घेऊन तें शहर जिंकलें, त्या लढाईंतील आपल्या सैनिकांच्या स्मारकापाशीं फुलें वाहिलीं.

शनिवारीं रात्रीं अश्दोदला परत आलों. सण व शब्बाथ दोन्ही सरले होते, आणि मोरोक्कोहून आलेल्या लोकांचा ‘मिमूना’ सुरू झाला होता. त्या रात्रीं त्यांच्या घरांचीं दारें कोणालाही उघडीं असतात. मैत्रिणीची शेजारीण अशीच एक मोरोक्कन आजी. ती ओल्या कणकेचा गोळा तेलाच्या हातानें पातळ थापून तव्यावर टाकी, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि लोणी-मध लावून गुंडाळून देई. या पदार्थास ‘मोफलेट्टा’ म्हणतात. आत्याबाई बराच वेळ नुसत्या पाहत होत्या. मग त्यांनीं मैत्रिणीकडून हिब्रूंत विचारविलें कीं, तवा जरा मिळेल काय. शेजारणीनें हंसून सराटा त्यांच्या हातांत दिला. पहिला फाटला, दुसरा जमला; तिसरा होईपर्यंत त्या तीन म्हाताऱ्या चुलीपाशीं, तीन भाषांत, कणकेंत पाणी किती असावें यावर वाद घालीत होत्या, आणि आमचें सकाळचें विमान आहे याची आठवण कोणीं द्यावी हें कोणासच कळेना.