फोटो बदलला, नळी तीच

उमरीत एक्स-रेला कोणी एक्स-रे म्हणत नसे. ‘छातीचा फोटो काढाय लावलाय डॉक्टरनं’ एवढं ऐकलं की घरात चिंता पसरायची. उमरी तेव्हा तालुका नव्हती. फोटो काढायचा तर मीटरगेजच्या गाडीनं मुदखेडमार्गे नांदेड गाठायचं, नंबर लावायचा आणि ओली फिल्म वाळेपर्यंत बाकड्यावर बसून राहायचं. तेवढ्यात परतीची गाडी निघून जायची.

मोठ्या भावाचं मनगट मोडलं तेव्हा दवाखान्यातल्या एक्स-रेवाल्या मामांनी मला डार्करूममध्ये येऊ दिलं. लाल मिणमिणता दिवा, चौकटीला अडकवलेली फिल्म आणि रसायनांच्या टाक्या. डेव्हलपरमध्ये बुडवली की फिल्म हळूहळू काळी पडू लागे. हाडाची जागा तेवढी दुधी राही. मग पाणी, मग फिक्सर. त्याचा आंबूस वास हाताचा जाता जायचा नाही. या फिक्सरमध्ये फिल्मवरची चांदी उतरते, म्हणून वापरलेला फिक्सर विकत घेणारेही असत! बाहेर माय कावरीबावरी. ‘त्या खोलीत वीज मुरती म्हणं, भायेर ये लवकर.’

मायची ती भीती आजही लोकांत आहे, आणि ती खोटी आहे. एक्स-रेच्या खोलीत काहीच मुरत नाही; का, ते यंत्र कसं चालतं हे पाहिलं की कळतं. विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण, म्हणजेच एक्स-रे, पाहिले. ते निर्माण करणाऱ्या आजच्या नळीचा मूळ घाट मात्र अमेरिकेतल्या विल्यम कूलिज यांचा, १९१३ सालचा. निर्वात नळीच्या एका टोकाला बल्बात असते तशी टंगस्टनची तार. ती दोन हजार अंशांच्या वर तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोर टंगस्टनचंच लक्ष्य. दोघांमध्ये पन्नास हजारांपासून सव्वा लाखापर्यंत व्होल्ट लावले की इलेक्ट्रॉन भन्नाट वेगानं त्यावर आदळतात. तिथल्या अणूंच्या गर्भाजवळून जाताना त्यांना करकचून ब्रेक लागतो आणि गमावलेल्या ऊर्जेतला थोडा भाग क्ष-किरण होऊन बाहेर पडतो. थोडा म्हणजे शंभरात जेमतेम एक. बाकी सगळी उष्णता. टंगस्टन ३,४२२ अंशांना वितळतो, तरीही एकाच जागी मारा झाला तर तो टिकायचा नाही. तव्यावरची भाकरी एका जागी करपू नये म्हणून फिरवत राहतात, तसंच मोठ्या यंत्रात लक्ष्याची तबकडी मिनिटाला तीन हजारांवर फेरे घेते. ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ म्हणताना जी घरघर ऐकू यायची, ती तिचीच. खटका सुटला, व्होल्टेज गेलं की किरण तिथंच संपले.

आता डार्करूम गेली, फिक्सर गेला, खाकी पाकीटही चाललं. फोटो काही सेकंदांत पडद्यावर येतो आणि रुग्ण उठायच्या आत पुण्याच्या पोराच्या व्हॉट्सॲपवर पोचलेला असतो. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत तर हातात धरायची एक्स-रे यंत्रं देशभर गावागावांत फिरली. ज्या छातीच्या फोटोसाठी आमचा अख्खा दिवस जायचा, त्यासाठी यंत्रच दारात! जुन्या दिवसांची मला ओढ आहे, पण ती गाडी चुकण्याची नक्कीच नाही.

गंमत म्हणजे बदललं ते सगळं नळीच्या पुढचं. फिल्मच्या जागी डिटेक्टर आला. तापलेली तार आणि टंगस्टनचं लक्ष्य आहे तिथंच आहे. सीटी स्कॅनमध्येही हीच नळी अंगाभोवती फिरते. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये मात्र क्ष-किरण नसतात.

फोटो सोपा झाला तसा मागणाऱ्यांचा धीर सुटला, हे मात्र मला खटकतं. कंबर धरली, काढा फोटो. पडसं झालं, काढा फोटो. छातीच्या एका फोटोत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळतोच. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेला फोटो भीतीपोटी टाळू नका. छातीच्या सीटीची मात्रा मात्र या फोटोच्या पन्नासपटीहून जास्त असू शकते, म्हणून तो आपल्या हट्टानं करून घेऊ नका. जुने फोटो असतील तर ते सोबत न्या, म्हणजे पुन्हा काढायची वेळ कदाचित येणार नाही. आणि गरोदर असाल, नुसती शंका असली तरी, खोलीत शिरण्याआधीच तसं सांगा.