शिडांच्या ताफ्याबरोबर खांदेरीपर्यंत

मुंबई बंदरात हौशी शिडाच्या बोटींचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो. सुट्टीच्या दिवशी क्लबच्या सात-आठ बोटी मिळून किनाऱ्याने दूरवर जाऊन येतात. ही शर्यत नसते. एखादी बोट मागे पडली तर बाकीच्या थांबतात. माझी भाची दोन वर्षांपासून इथे शिकते, म्हणून मला पाहुण्याची जागा मिळाली. "मुलीच्या जातीला सुकाणू कशाला?" असं तिची नानी, म्हणजे माझी आई, अजून म्हणते. आईचे स्वतःचे वडील गलबतावर तांडेल होते!

फजरनंतर गेटवेसमोरून निघालो. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. कोकणात त्याला मतलई म्हणतात. दुपारी जमीन तापली की वारा उलटतो आणि वायव्येकडून जोरात येतो. चांदची आठ तारीख होती, म्हणजे भांगाचे दिवस: पहाटे भरती, दुपारी ओहोटी संपते आणि पाण्याला ओढ कमी. आपल्या जुन्या नाखव्यांचं गणित याच वाऱ्यांवर आणि चांदच्या तारखांवर चालायचं. इंजिन आलं आणि ते घराघरांतून गेलं. बाणकोट-दाभोळकडच्या किती घरांत आज समुद्र दिसतो तो आखाताच्या विमानाच्या खिडकीतून.

दुपारच्या सुमाराला थळसमोरच्या खांदेरी बेटाच्या पूर्वेला, आडोशाला नांगर टाकला. खांदेरीवर 1867 सालचं दीपगृह आहे, आणि किनाऱ्याच्या बाजूला दिसते ती उंदेरी. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही आडवे आले. मराठ्यांच्या आरमाराचा सरदार होता दौलतखान. पुढच्याच वर्षी सिद्दी कासमने समोरची उंदेरी धरली. दोन्ही आरमारांच्या सरदारांची नावं मुलांना एकत्र सांगावीत. भांडण मुंबईच्या तोंडाशी पहारा कुणाचा, याचं होतं. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत खांदेरी आहे.

जोहर तिथेच, नांगरावर झाली. परतताना वारा जवळजवळ समोरून. शिडाची बोट वाऱ्यावर सरळ चढत नाही. थोडं ईशान्येकडे, मग वळून पश्चिमेकडे, अशी नागमोडी जाते. असरची वेळ झाली तेव्हा हाच प्रश्न पडला. दर पंधरा मिनिटांनी बोट तोंड फिरवणार, तर किब्ला कसा सांभाळायचा? पण मुंबईहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. म्हणजे एका बाजूच्या वळणात बोटीची नाळच किब्ल्याकडे असते.

सुकाणू भाचीच्या हाती होतं. आमचे कप्तान, नौदलातून निवृत्त झालेले हिंदू गृहस्थ, तिला म्हणाले, "मामांची नमाज होईपर्यंत आहे तीच दिशा धर." मग वायरलेसवर बाकीच्यांना कळवलं की आम्ही जरा पुढे जाऊन वळतो. बोट एका अंगाला कललेली, उभं राहणं शक्य नव्हतं. बसूनच चार रकात पढलो. इतका प्रवास कसरइतका लांब नव्हता. सलाम फिरवला तोवर ताफा बराच वर निघून गेला होता. भाचीने दोर सोडायला सांगितले आणि बोट वळवली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, डोळे शिडावर.

प्राँग्ज दीपगृहाजवळ बाकीच्या बोटी शिडं ढिली सोडून आमची वाट पाहत होत्या.