मिरीचा मागचा पाय

तुमच्यापैकी किती जणांनी घोड्याचा पाय हातात धरलाय? माथेरानला घोड्यावर बसून आलेले पुष्कळ असतील, महाबळेश्वरला फोटो काढून घेतलेले त्याहून जास्त. मीही त्यातलीच. घोड्याची खुरं आपल्या नखांसारखी वाढतात आणि दर सहा-आठ आठवड्यांनी कुणाकडून तरी कापून घ्यावी लागतात, हे मला बॉटनी डाउन्समध्ये येऊन अकरा वर्षं झाल्यावर कळलं.

आमच्या घराच्या एका बाजूला बॉटनी टाउन सेंटर, म्हणजे दुकानं आणि पार्किंग. दुसऱ्या बाजूला गाडी काढली की पंधरा मिनिटांत व्हिटफर्ड येतं आणि कुरणं सुरू होतात. माझी पंधरा वर्षांची मुलगी दर शनिवारी तिथल्या एका वयस्कर बाईंकडे तबेला साफ करायला जाते. तिथली एक घोडी तिच्यावर सोपवली होती. मिरीसारखी काळसर, म्हणून लेकीनं नाव ठेवलं मिरी. बाई हसल्या. माओरी भाषेत ‘मिरी’ म्हणजे चोळणं, हळुवार हात फिरवणं!

ही घोडी कायमानावाची. न्यूझीलंडमध्ये घोडा मूळचा नाहीच. पहिले घोडे १८१४ साली मिशनरी सॅम्युअल मार्सडेननं जहाजातून आणले. पुढे सुटलेल्या, सोडून दिलेल्या घोड्यांचे कळप उत्तर बेटाच्या मध्यभागी, वायोउरूच्या लष्करी जमिनीवर रानटी झाले. गवताळ माळ टिकावा म्हणून तिथला कळप मर्यादेत ठेवतात. हेलिकॉप्टरनं हाकून जादा घोडे पकडतात आणि त्यांना घरं शोधतात. घर मिळालं नाही तर कत्तलखाना. मिरीला एकदा घर मिळालं होतं, पण बाई आता थकल्या होत्या आणि वर्षअखेर घोडे देऊन टाकणार होत्या. जी घोडी पाय देत नाही, तिला दुसरं घर कोण देणार?

आणि मिरी पाय देत नव्हती. नालबंद आला त्या दिवशी दोरी माझ्या हातात होती. (नालबंद आपली सवय म्हणून म्हणायचं, गवतावर राहणाऱ्या मिरीला नाल नाहीत, नुसतं पकडीनं खूर कापायचं आणि कानशीनं घासायचं.) पुढचे दोन पाय कसेबसे झाले. मागच्याला हात लागताच तिनं लाथ झाडली. मी घाबरून दोरी आखूड धरली, ओढली, वर ओरडले. ती मागं रेटली, माझे तळवे सोलले. तो शांतपणे अवजारं गोळा करत म्हणाला, “पुढच्या वेळी उभी राहिली तर ठीक, नाहीतर आधी डॉक्टरकडून गुंगीचं औषध घ्या.”

तेव्हा बाबा आमच्याकडे आले होते. सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव, चाळीस वर्षं शिक्षकी केलेले. घरी माझे तळवे बघून म्हणाले, “तू तिला धरलंस का बांधलंस?” मग बऱ्याच वेळानं त्यांनी जे सांगितलं, ते मी आजवर ऐकलं नव्हतं. उसाच्या गाड्या ओढायच्या हंगामाआधी बैलांना पत्र्या मारत. बैलाला दोरखंडानं आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, एकानं मानेवर बसायचं. मानेवर बसायचं काम बाबांचं, वय दहा. “पत्र्या मारून झाल्या, बैल उठला. पण त्यानंतर त्यानं मला कधी पायाला हात लावू दिला नाही. मी त्याला रोज वैरण घालायचो गं.”

पुढच्या शनिवारी बाबा आमच्याबरोबर आले. एका लांब काठीला जुना पंचा गुंडाळून.

तुमच्यावर कधी ही वेळ आली तर सांगते. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याचा पाय धरला म्हणजे त्याची पळायची वाटच धरली. म्हणून आधी हात नाहीच, पंचा. मानेच्या मुळाशी, खांद्यांच्या उंचवट्यापाशी खाजवायचं. घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात आणि तिथं खाजवल्यानं त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. तिथून पंचा पाठीवर, मांडीवर, हळूहळू खाली. ती हलली तर पंचा काढायचा नाही, तिच्याबरोबर जाऊ द्यायचा. ती थांबली की त्याच क्षणी काढायचा. आम्ही उलटं करत होतो. ती झाडायची, आम्ही सोडायचो, म्हणजे झाडलं की सुटका होते हे आम्हीच तिला शिकवत होतो.

पंचा चालू लागला, मग हात. मग पाय, फक्त दोन सेकंद, आणि खाली ठेवताना टाकायचा नाही, टेकवायचा. मग पाच, मग दहा. पाय बाजूला फार ओढायचा नाही. सांधा दुखला की तिचं बरोबर असतं. मग खुरावर हातानं थापटायचं, नंतर कानस नुसती घासायची, आवाज ओळखीचा व्हावा म्हणून. दोरी धरणारीनं नालबंदाच्याच बाजूला उभं राहायचं: बिनसलं तर तोंड आपल्याकडे वळवायचं, म्हणजे मागचा भाग त्याच्यापासून लांब जातो. आणि दोरी सैल.

हे लिहायला दोन परिच्छेद लागले, करायला सात आठवडे. लेक घाई करायची आणि आजोबा कुंपणाला टेकून म्हणायचे, “दमानं घे, पोरी.” तिला ‘दमानं’चा अर्थ विचारावा लागला नाही. मला मात्र एक गोष्ट बोचत राहिली. या मुलीला मराठी पुस्तक वाचायला बसवताना मी दोरी किती वेळा आखूड धरली होती!

नालबंद यायच्या चार दिवस आधी बाबांचं विमान होतं. तारीख बदलता आली असती, पण आईची डॉक्टरांची वेळ ठरलेली होती. ते गेले.

तो आला. पुढचे पाय झाले. मागचा उजवा झाला. मागच्या डाव्याला मिरीनं हिसका दिला. माझी मूठ आवळली आणि मी ती मुद्दाम उघडली. लेक काही न बोलता तिच्या खांद्यापाशी खाजवत राहिली. नालबंदानं पाय सोडला नाही, तिच्याबरोबर एक पाऊल सरकला, ती थांबल्यावर अलगद टेकवला. दुसऱ्यांदा उचलला. मिरीनं लांब श्वास सोडला आणि उभी राहिली. गुंगीचं औषध लागलं नाही. बाईंनी तिच्यासाठी चौकशी करणाऱ्या एका कुटुंबाला त्याच संध्याकाळी फोन केला. लेकीला आनंद झाला आणि रडूही आलं. दोन्ही खरं होतं.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला. सगळं सांगून झालं. ते ऐकत होते. मग म्हणाले, “मागचा डावा कसा झालाय, फोटो असेल तर दाखव.”

लेकीनं दाखवला. त्यांनी चष्मा वर करून फोन अगदी डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ तो पाय पाहत राहिले.