चाल कुठे ठेवायची?

महिला मंडळातल्या प्रत्येकीकडे एक वही असतेच. पानं पिवळी, कोपऱ्यावर तेलाचा डाग, आत स्तवनं, आरत्या, डोहाळे, महावीर जयंतीचा पाळणा. शब्द सगळे शाबूत. पण गाण्याच्या डोक्यावर एक ओळ असते, ‘चाल : अमुक गाण्याची’. आणि ते अमुक गाणं आता कुणालाच येत नाही! शब्द उरले, चाल गेली.

माझ्या सासूबाईंना अशा तीसेक चाली तोंडपाठ आहेत. पूर्वी त्या काळी पाचात गायच्या, आता पांढरी चारच्या वर आवाज जात नाही. गेल्या थंडीतल्या खोकल्यानंतर तर दोन ओळींमध्ये दम घ्यावा लागतो. म्हणून ठरवलं, त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करायची. नुसती नाही, मागे पेटी आणि ठेकाही भरायचा, म्हणजे नव्या सुना त्यावर गाऊन शिकतील.

आमचं घर बासरला. वसंत पंचमीला नांदेड-धर्माबादकडची कितीतरी मराठी कुटुंबं लेकरांना इथे सरस्वतीपुढे पहिलं अक्षर गिरवायला आणतात. आपल्याकडे श्रुतदेवता म्हणून तिचं वेगळं स्थान आहेच. श्रुतपंचमीची कथाही आठवा. ऐकून ऐकून जपलेलं ज्ञान विसरत चाललं, तेव्हा धरसेन आचार्यांनी ते पुष्पदंत-भूतबलींना दिलं आणि त्यांनी ते ग्रंथात उतरवलं. ते षट्खंडागमाचं मोठं काम, आमचं हे चिमूटभर. पण भीती तीच : लक्षात ठेवणारं माणूस गेलं की काय?

आता सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं? भाचा म्हणाला, “मामी, एफएल स्टुडिओ घे, सगळे तेच वापरतात.” मी म्हटलं, आधी मला काय करायचंय ते ऐक. भांडं आधी आणि भाजी मग, असं कुणी ठरवतं का?

त्याचं एफएल स्टुडिओ नवं संगीत रचायला उत्तम. पण फुकटच्या चाचणी आवृत्तीत आज जतन केलेलं काम उद्या पुन्हा उघडता येत नाही, त्यासाठी विकतच घ्यावं लागतं. एलएमएमएस फुकट आहे, त्यात ठेके छान बांधता येतात. पण माणसाचा आवाज थेट भरून घ्यायला ते बनलेलं नाही. गॅरेजबँड सोपं आणि देखणं, मात्र ते फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतं. बँडलॅब साध्या फोनवरही चालतं, वाद्यंही आत आहेत, आणि दूरच्या नणंदेला तिचा आवाज त्याच गाण्यात तिकडून जोडता येतो. ऑडॅसिटी 2000 सालापासून आहे, संगणकावर फुकट चालतं. त्यात तयार वाद्यं वाजवण्याची मजा फारशी नाही, पण आवाज भरणं, कापणं, जोडणं, स्वर न बदलता लय संथ करणं, पट्टी चढवणं-उतरवणं हे सगळं होतं. शिकणाऱ्या सुनेसाठी गाणं सावकाश करून देता येणं, हेच मला हवं होतं. मी ऑडॅसिटी घेतलं. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे, त्यांना मी बँडलॅब सांगते.

एक गोष्ट मात्र कुठलंही घेतलंत तरी बघा. बहुतेक सॉफ्टवेअर उघडलं की चार-चारच्या मोजणीचे चौकोन समोर येतात. आपले पाळणे बरेचदा दादऱ्यात, सहा मात्रांचे. ती मोजणी आधी बदलून घ्या. आणि स्वर आपोआप सरळ करणारी सोय असते, ती बंदच ठेवा. भाच्याने गंमत म्हणून एकदा लावून बघितली. पाळण्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर आवाज घसरत येतो, ती जागा यंत्राला चूक वाटली. त्याने तिथे पायऱ्या केल्या. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, “सूर बरोबर आहे गं, पण हा पाळणा हलत नाही.” आम्ही तो प्रयोग पुसून टाकला.

तसंच टकटक लावून त्यांना गायला बसवलं नाही. त्या दम घेतील तिथे घेऊ दे. त्यांचं गाणं तसंच्या तसं आधी जपलं. शिकण्यासाठीचं, तालात बसवलेलं गाणं दुसऱ्या फाइलमध्ये मी स्वतः गायले. आधी मूळ, मग नक्कल, हा क्रम मोडायचा नाही.

इथली खरी अडचण वेगळीच. गोदावरीच्या पुलावर गाडी आली की आवाज घरात येतो. आम्ही दुपारी, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बसतो. पंखा बंद, खिडकीला गोधडी. सुरुवातीला पाच सेकंद कुणी बोलायचं नाही. खोलीचा तो रिकामा आवाज ऑडॅसिटीला दाखवला की गुणगुण बरीच कमी करता येते. ऐकायला वायरचे इअरफोन वापरा, बिनवायरचे आवाज उशिरा पोचवतात. आणि मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा. एका मिनिटाला पाच-दहा एमबी जागा खाते, खाऊ दे. व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपी३ वेगळी करा.

1902 साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं तबकडीवर उतरलं, तेव्हा शेवटी तिने स्वतःचं नाव सांगितलं होतं. मीही सासूबाईंना सांगितलं, गाणं संपलं की नाव सांगा. त्या लाजल्या, “माझं कशाला?” मग हळूच स्वतःचं नाव, माहेरचं गाव, आणि ‘ही चाल माझ्या आईची’ एवढं बोलल्या. ते ऐकलं आणि कळलं, वहीत राहून गेलं होतं ते हेच.

आजवर अकरा गाणी झाली आहेत. तुमच्या घरी कुणी चाल जपणारी असेल, तर कोणतं सॉफ्टवेअर चांगलं यावर महिना घालवू नका. आवाज भरणारं, लय संथ करणारं, काम पुन्हा उघडू देणारं, एवढ्या तीन गोष्टी असल्या की पुरे. ते शिकायला दोन दुपारी लागतात. आणि तेवढंही जमत नसेल, तर आज संध्याकाळी फोनवरचं बटण दाबून फोन त्यांच्याजवळ ठेवा. ठेका नंतर घालता येतो.