कंपनी विकली गेली, गाण्यांचं काय?

नशिराबादला सिमेंटचा कारखाना आहे. तो ओरिएंट सिमेंटचा म्हणून ओळखला जायचा. २०२५ मध्ये ती कंपनी सी. के. बिर्ला समूहाकडून अदानींच्या अंबुजा सिमेंटकडे गेली. चहाच्या टपरीवर चर्चा झाली ती नोकऱ्यांची आणि ट्रकवाल्यांच्या कामाची. पण माल देणारी चक्कीच नाहीशी होईल, अशी शंका कुणी काढली नाही. जमीन तिथेच, यंत्रं तिथेच. मालक कुणीही असो, क्लिंकर दळला की सिमेंट होणारच.

गाण्याच्या ॲपचं मात्र असं नसतं. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसं, संगणकाच्या भानगडीत कशाला पडलो असतो! पण घरातलंच एक काम अडलं म्हणून यात डोकं घालावं लागलं.

आमच्या मरहूम फुप्पी लग्नघरात ढोलकीवर गायच्या. संगीताबद्दल आपल्याकडे मतं वेगवेगळी आहेत, तो वाद इथे नको. पण हळद-मेंदीच्या रात्री बायकांनी मिळून म्हणायची ही गाणी कुठल्या पुस्तकात नाहीत. भाषा घरातली उर्दू, आणि मधेच तावडीतला एखादा शब्द असा येतो की जळगावच्या पलीकडच्या माणसाला कळायचा नाही. फुप्पींचे गुडघे गेले, त्या लग्नांना जाईनाशा झाल्या, तेव्हा आमच्या लेकीने मोबाइलवर त्यांची चौदा गाणी भरून घेतली. एक ॲप होतं, परदेशातल्या छोट्या कंपनीचं. आवाज एका पट्टीवर, ढोलकी दुसऱ्या पट्टीवर, नको तो भाग झाकून ठेवायचा, अशी त्यात सोय होती. फुकट होतं आणि चांगलं होतं.

फुप्पी गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी ॲपवर निरोप आला. आम्ही आता एका मोठ्या कुटुंबात सामील होत आहोत, तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही, असा त्याचा आशय. सासरी निघालेल्या मुलीनेही इतक्या गोड शब्दांत निरोप घेतला नसता. चार महिन्यांनी दुसरा निरोप: नवीन खातं उघडा, दरमहा पैसे भरा, जुनी कामं अमुक तारखेपर्यंतच दिसतील.

त्या तारखेच्या आत काय करायचं, हे शोधताना आम्ही अशा कंपन्यांच्या हकिकती वाचत गेलो. पहिली सापडली ती आपल्या शिंदे बंधूंची. स्नेहल आणि स्वप्नील शिंदे यांनी २००७ मध्ये ‘धिंगाणा’ नावाची सेवा सुरू केली. पुण्यात कार्यालय, अमेरिकेतही कार्यालय. वर्गात मुलांनी घातला की आम्ही छडी शोधतो तो हाच धिंगाणा. पण नाव झकास होतं. हिंदी, मराठी आणि इतर कितीतरी भाषांतली गाणी इंटरनेटवरून ऐकवणारी ती सुरुवातीच्या भारतीय सेवांपैकी एक. यात अडचण एकच होती. गाणी त्यांची नव्हती, टी-सीरिजसारख्या कंपन्यांकडून परवान्यावर घेतलेली होती. टी-सीरिजचा परवाना पुढे मिळाला नाही आणि २०१४ च्या सुरुवातीला सेवा बंद पडली. लगेच मार्चमध्ये अमेरिकेतल्या आरडिओ या कंपनीने ती विकत घेतली. चला, मोठं घर मिळालं, असं तेव्हा कितीजणांना वाटलं असेल. पण नोव्हेंबर २०१५ मध्ये आरडिओचंच दिवाळं निघालं. तिची मालमत्ता साडेसात कोटी डॉलरला पॅन्डोराकडे गेली, आणि पुढे पॅन्डोरालाही सिरियस एक्सएमने घेतलं. धिंगाणाचं नाव या साखळीत कुठे राहिलं नाही. दुकान भाड्याचं आणि मालही भाड्याचा असला, तर विकणाऱ्याकडे देण्यासारखं उरतं ते फक्त गिऱ्हाईक आणि कारागीर.

याच्या उलट सारेगामाकडे पाहा. ही मुळातली ग्रामोफोन कंपनी, कुत्र्याच्या चित्राची एचएमव्ही. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला, तेव्हापासूनचा हा वारसा. कंपनी इंग्रजांकडून भारतीय उद्योगसमूहाकडे आली, २००० मध्ये नाव बदललं, तबकड्या गेल्या, कॅसेट गेल्या. पण जुन्या गाण्यांचे हक्क कंपनीच्याच कपाटात होते. २०१७ मध्ये तीच गाणी ‘कारवां’ नावाच्या रेडिओसारख्या पेटीत भरून त्यांनी विकली आणि ती पेटी घराघरांतल्या आजी-आजोबांच्या उशाशी आली.

आमच्या कामाची हकिकत मात्र तिसरीच निघाली. अमेरिकेत १९८७ पासून केकवॉक नावाचं सॉफ्टवेअर आहे, संगणकावर गाणं भरण्याचं आणि जुळवण्याचं. २०१३ मध्ये ती छोटी कंपनी गिटार बनवणाऱ्या गिब्सनने घेतली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने काम थांबवलं. तीस वर्षांचे वापरणारे उघड्यावर पडले. तीनच महिन्यांत सिंगापूरच्या बॅन्डलॅबने ते सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि पुढे चक्क फुकट देऊन टाकलं. लोकांची जुनी गाणी पुन्हा उघडली. याला आम्ही खरं ‘पुढे चालू’ म्हणू. नव्या मालकाने पाटी बदलली की ठेवली, याच्याशी वापरणाऱ्याला फारसं देणंघेणं नसतं. त्याने ठेवलेलं त्याला परत मिळतं का, एवढंच त्याला हवं असतं.

पण प्रत्येकाला बॅन्डलॅब भेटत नाही. म्हणून एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, विशेषतः ज्यांच्या घरी मुलं नात, भाषणं, शाळेची गाणी मोबाइलवर भरतात त्यांनी. ॲपमध्ये आपण जे जुळवतो त्याची फाइल त्या ॲपच्याच भाषेत असते. दुसऱ्याला ती वाचता येत नाही. वेव्ह किंवा एमपी३ ही मात्र सगळ्यांची भाषा. त्यात काढून ठेवलेला आवाज कुठल्याही फोनवर, कुठल्याही संगणकावर वाजतो, मग कंपनीचा मालक कुणीही होवो. वेव्ह जागा जास्त खाते, पण आवाज जसाच्या तसा ठेवते. एमपी३ लहान असते, थोडं काही गाळते. आणि पट्ट्या एकत्र करून न काढता शक्यतो वेगवेगळ्या काढाव्यात. एकदा कालवलेला डाळभात पुन्हा वेगळा करता येत नाही.

लेकीने तीन रात्री बसून हे केलं. बारावीचं वर्ष होतं, आम्हीही नको म्हटलं नाही. चौदापैकी अकरा गाणी वेगवेगळ्या पट्ट्यांत मिळाली. तीन गाण्यांत ढोलकी आणि आवाज एकत्रच निघाले, त्याला इलाज नव्हता. सगळं दोन पेन ड्राइव्हवर घेतलं. एक आमच्या कपाटात आहे, दुसरा फुप्पींच्या मुलीकडे मालेगावला पाठवला.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. गाण्यांबद्दल ती फार बोलली नाही. ॲपमध्ये आम्ही गाण्यांमधलं बोलणं झाकून ठेवलं होतं, ते वेगवेगळ्या पट्ट्या काढताना उघडं होऊन सोबत आलं होतं. सहाव्या गाण्यानंतर फुप्पींना खोकला येतो, त्या पाणी मागतात आणि लेकीला विचारतात, जेवलीस का गं? “एवढंच परत परत लावते,” ती म्हणाली. “अम्मी मला असंच विचारायची.”