षड्ज हलतो तेव्हा

पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांना हात न लावता 'पांढरी एक' हा षड्ज मानावा आणि सावकाश वर चढत जावे. बिलावल थाटाचे सातही सूर मिळतात. पाश्चात्त्य संगीतात हाच मेजर स्केल, कर्नाटक पद्धतीत हाच धीरशंकराभरण, 72 मेळांपैकी 29वा. आता एकही पट्टी न बदलता षड्ज तेवढा 'पांढरी दोन'वर न्यावा. पट्ट्या त्याच, बोटेही तीच. पण गंधार आणि निषाद कोमल झालेले असतात. बिलावलच्या जागी काफी उभा असतो.

हैदराबादच्या जामबागेत वाढलेल्या माणसाला हे लवकर कळते, कारण इथे एकच सूर दोन नावांनी कानावर पडतो. आमच्या घरात पेटी होती आणि भिंतीपलीकडच्या तेलुगू घरात व्हायोलिन. आम्ही भूप म्हणायचो, ते मोहनम् म्हणायचे. आमचा मालकंस त्यांच्याकडे हिंदोळम् होता. खाली रस्त्यावर मोगरा आणि झेंडू विकणाऱ्यांची हाकाटी चालू असायची, आणि वर दोन घरांतून एकच स्वरावली दोन वळणांनी जायची. नाव वेगळे, गमक वेगळे, तरी सांगाडा एक, हे लहानपणी कुणी शिकवावे लागले नाही.

पांढऱ्या पट्ट्यांचा प्रवास पुढे चालू ठेवावा. 'पांढरी तीन'ला षड्ज केले की रे, ग, ध, नि चारही कोमल होतात आणि भैरवी येते. 'पांढरी चार'वर मध्यम तीव्र होतो, तो कल्याण. 'पांढरी पाच'वर फक्त निषाद कोमल, तो खमाज. 'पांढरी सहा'वर ग, ध, नि कोमल, ती आसावरी. युरोपात 'पांढरी दोन'पासूनच्या याच रचनांना क्रमाने डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन आणि एओलियन म्हणतात. 'पांढरी सात' मात्र अडते. तिथून मोजले तर पंचमच सापडत नाही. त्याच्या जागी तीव्र मध्यम येऊन बसतो. युरोपने तिला लोक्रियन हे नाव दिले, पण घर तिथेही फारसे कुणी थाटले नाही. आपल्या दहा थाटांतही तिला जागा मिळाली नाही. आणि भैरव, पूर्वी, मारवा, तोडी हे चार थाट या पांढऱ्या वाटेवर भेटतच नाहीत. त्यांच्यासाठी काळ्या पट्ट्यांकडे वळावेच लागते.

षड्ज हलवणे म्हणजे नुसते दुसऱ्या पट्टीवरून सुरुवात करणे नव्हे. मागे तंबोरा 'पांढरी एक'चाच सूर देत असेल तर रिषभापासून चढा नाहीतर धैवतापासून, कान बिलावलच ऐकतो. तंबोऱ्याची जोडी बदलून नव्या सुराशी लावली, तो सूर खोलीभर भरला, की कालचा रिषभ षड्ज होतो आणि बाकीचे सहा त्याच्याकडे तोंड करून उभे राहतात. स्वराचे नाव त्याच्या उंचीवर ठरत नाही, आधारस्वरापासूनच्या अंतरावर ठरते.

भरताच्या नाट्यशास्त्रात हेच शास्त्र ग्राम-मूर्च्छना या नावाने आहे. षड्जग्रामाच्या सात मूर्च्छना, मध्यमग्रामाच्या सात. पुढे एकच षड्ज धरून गाण्याची रीत पक्की झाली आणि विचार उलटला: षड्ज स्थिर ठेवायचा, बाकीचे स्वर कोमल-तीव्र करायचे. या दुसऱ्या विचाराला पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी दहा थाटांची शिस्त दिली. दक्षिणेत फिरताना त्यांनी व्यंकटमखीची मेळपद्धती अभ्यासली होती. 1907 साली ते हैदराबादलाही आले आणि इथले संस्कृत ग्रंथकार अप्पा तुलसी यांना भेटले. संगीतावर संस्कृतात लिहिणारा हा पंडित त्यांच्या कामाचा जोडीदार ठरला. भातखंड्यांच्या पद्धतीतल्या रागलक्षणांशेजारी अप्पा तुलसींचे श्लोक आजही वाचायला मिळतात. त्याच 1907 साली केशवराव कोरटकरांसारख्या मंडळींच्या पुढाकाराने निजामाच्या राज्यात मराठी मुलांसाठी विवेक वर्धिनी ही शाळा उभी राहिली, जी पुढे जामबागेची ओळख झाली. एकाच शहरात एकाच वर्षी घडलेल्या या दोन गोष्टी मला नेहमी शेजारी शेजारी दिसतात.

बिलावल ही आई आणि बाकीचे तिची लेकरे, असे शिकवायला सोपे जाते. इतिहास तसे म्हणत नाही. भरताच्या षड्जग्रामाची शुद्ध स्वरावली आजच्या काफीच्या जवळ जाते. बिलावलला शुद्ध मानणे फार नंतरचे. युरोपातही तसेच घडले. चर्चच्या जुन्या आठ मोडांत आजचा मेजर स्केल स्वतंत्र नावाने नव्हता. 1547 साली ग्लारेआनुसने 'डोडेकाकॉर्डन' हा ग्रंथ लिहून मोडांची संख्या बारा केली, तेव्हा आयोनियन या नावाने तो यादीत आला. जो आज सर्वांचा मूळपुरुष म्हणून मिरवतो, तो तिथे उशिरा आलेला पाहुणा. ही सगळी भावंडे आहेत. मोजायला कुठून सुरुवात केली, एवढ्यावर थोरला-धाकटा ठरतो.

पाच स्वरांत हे नाते आणखी लख्ख दिसते. भूपाचे सा रे ग प ध घ्यावेत. रिषभाला षड्ज केले तर मधमाद सारंग, गंधाराला केले तर मालकंस, पंचमाला केले तर दुर्गा, धैवताला केले तर धानी. संध्याकाळच्या प्रसन्न भूपाच्या पोटात मध्यरात्रीचा गंभीर मालकंस होता, हे पहिल्यांदा ऐकू येते तेव्हा अंगावर काटा येतो. पलीकडच्या घरात याच खेळाला ग्रहभेद म्हणत, आणि मोहनम्‌मधून हिंदोळम् तसाच उमलत असे.

पं. जसराजांनी या शास्त्रातून एक जुगलबंदी घडवली. त्यांचे बालपण याच शहरातले, वडील पं. मोतीराम 1934 साली इथेच गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ जसराजांनी हैदराबादेत वर्षानुवर्षे संगीत समारोह भरवला. स्त्री आणि पुरुष एका पट्टीत गायले की एकाचा गळा अवघडतो, ही जुनी अडचण. 'जसरंगी'त दोघे आपापल्या पट्टीत गातात. पुरुषाचा मध्यम तोच स्त्रीचा षड्ज. तो दुर्गा गातो, ती भूप; तो आभोगी गातो, ती कलावती. दोघांच्या गळ्यात स्वर तेच असतात आणि राग मात्र दोन. कुणालाच आपला षड्ज सोडावा लागत नाही.

जामबागेच्या मराठी घरांचा षड्जही एकदा असाच हलला. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद यांची राजधानी हैदराबाद होती. त्या दिवशी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. घरे, शाळा, देवघरे जागच्या जागी राहिली. आधारस्वर तेवढा सरकला. राजधानीत राहणारी माणसे एका रात्रीत परप्रांतातली झाली. आमच्या बोलण्यात दखनीचा लहेजा आहे, तेलुगू शब्द आहेत. पुण्याच्या षड्जावरून मोजले तर ते स्वर विकृत ठरतात. जामबागेच्या षड्जावरून मोजले तर ते आपापल्या जागी, पूर्ण सुरात आहेत.

इथे एक सावधगिरी हवी. मूर्च्छना सांगाडा देते, राग देत नाही. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर एकच आहेत, पण एकाचा ओढा गंधाराकडे, दुसऱ्याचा धैवताकडे. वेळ निराळी, चाल निराळी. शिवाय पेटीच्या पट्ट्या कारखान्यात समान अंतरांवर लावलेल्या असतात, गळ्याच्या श्रुती तशा नसतात. तंबोऱ्यावर सुरेल लागलेल्या बिलावलच्या रिषभाला षड्ज केले, तर त्याचा पंचम होणारा धैवत किंचित उतरलेला निघतो; काफी गाताना तो सावरून घ्यावा लागतो. पट्टी दार दाखवते, आत कानानेच जावे लागते.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. घरात पेटी असेल तर तक्ते पाठ करण्याआधी तिच्यापाशी बसा. एका हाताने 'पांढरी एक' दाबून धरा, दुसऱ्याने पांढऱ्या पट्ट्यांवरून फिरा. मग दाबलेली पट्टी बदला आणि पुन्हा तेच फिरा. मुलांनाही असेच शिकवा: थाटांची नावे नंतर, आधी बदललेला षड्ज. जे कानाला पटले ते पुढे पुस्तकात वाचून विसरले जात नाही.