ब्रेक म्हणजे मोडणे

आमच्या हायस्कुलात इंग्रजीचा तास दुपारच्या सुट्टीनंतर असायचा. पत्र्याची खोली, वर माणदेशातलं ऊन आणि पोटात नुकतीच गेलेली भाकरी. निम्मा वर्ग पेंगायचा. त्या दिवशी सरांनी फळ्यावर मधोमध एकच शब्द लिहिला, ‘ब्रेक’. आणि विचारलं, “अर्थ कोण सांगतो?”

“मोडणे!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला. पाचवीला इंग्रजी सुरू झालं तेव्हापासून ब्रेक-ब्रोक-ब्रोकन आम्हाला पाढ्यासारखं पाठ होतं.

“शाबास. आता हा एकच शब्द किती सोंगं घेतो ते बघा.”

साल १९७४. जुनी अकरावी जाऊन नवी दहावी आली होती आणि तिची पहिली तुकडी आमची. सरांनी फळा भरून टाकला. ‘ब्रेक द आइस’, म्हणजे अनोळखी माणसांतला अवघडलेपणा घालवणं. ‘ब्रेक द न्यूज’, वाईट बातमी सांगणं. ‘ब्रेक इव्हन’, ना नफा ना तोटा. ‘ब्रेक वन्स वर्ड’, दिलेला शब्द मोडणं. इंग्रजांचा दिवससुद्धा ‘ब्रेक’ होतो, तेव्हा आपल्याकडं तांबडं फुटतं. आणि ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे रात्रभराचा उपास मोडणं. ह्यावर आम्ही हसलो. आमच्याकडं उपास ‘सोडतात’. ‘मोडला’ म्हटलं की पाप लागतं.

बर्फ आम्ही पाहिला होता तो म्हसवडच्या रथाच्या जत्रेत, गोळ्याच्या काडीवर. मागच्या बाकावरचा एकजण उठून म्हणाला, “सर, आमच्यात पाव्हणा दारात आला की लगीच ‘कुठलं गाव?’ म्हंत्यात. बर्फ धरायला येळच कुठं गावतोय?”

सर खळखळून हसले. जाताना म्हणाले, “उद्या प्रत्येकानं ‘ब्रेक’ची पाच वाक्यं लिहून आणायची. स्वतःच्या मनानं. गाइडातली नकोत.”

मी खोलीवर राहायचो. गाव सात-आठ मैल लांब, डबा एस.टी.नं यायचा. रात्री कंदिलाखाली चार वाक्यं झाली. पाचवं सुचेना. मग आपल्या बोलण्यात काय काय मोडतं ते आठवायला लागलो. पायात काटा मोडतो. ठरलेली सोयरीक मोडते. दहाची नोट मोडते. म्हातारी बाई शिव्या देताना बोटं मोडते. आणि आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी मोडल्या होत्या त्या आईच्या पाटल्या. मी लिहून टाकलं, “माय मदर ब्रोक हर बँगल्स.”

दुसऱ्या दिवशी सर वह्या तपासता तपासता थांबले. मला खुणेनं व्हरांड्यात बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, “कधी झालं रे?”

“काय सर?”

“तुझे वडील...”

“आण्णा? बाजारला गेल्यात की. सांजच्याला डबा घेऊन तेच येणार हायेत.”

सरांनी वही माझ्यापुढं धरली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं हातातली काकणं नुसती फुटली तरी कुणी ‘फुटली’ म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतात. तुटलेलं मंगळसूत्रसुद्धा ‘वाढवतात’. आणि मी आईच्या हातातल्या बांगड्या इंग्रजीत सरळ फोडून मोकळा झालो होतो.

“सर, काचंच्या न्हाईत. सोन्याच्या पाटल्या. फोडल्या न्हाईत, मोडल्या. दुष्काळात.”

मग सरांना सगळं सांगितलं. ७२ साली पाऊसच झाला नाही. विहिरीला तळ दिसला. आण्णा आणि आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे. घरात रेशनची तांबडी मिलो. तिच्या भाकरी थापल्या की कडा चिरायच्या. मी तेव्हा आठवीत. आण्णांनी ठरवलं, सगळ्यांनी कारखान्याकडं जगायला जायचं, पोरालाही कोयता द्यायचा. आई त्या रात्री काही बोलली नाही. सकाळी तिनं हातातल्या पाटल्या साबण लावून काढल्या, आण्णांच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, “आवं, ह्या मोडा. पर त्याची शाळा मोडू नगा.”

मी आण्णांबरोबर सोनाराकडं गेलो होतो. त्यानं पाटल्या कसाला लावल्या, मग कात्री घेऊन मधोमध कापल्या, आत काय आहे ते बघायला. अडीच तोळ्यांचा डाग. घडणावळ तर गेलीच, वर घट धरली, आणि आण्णांच्या हातात पाचशेच्या आसपास पडले. येताना सगळ्या वाटेत आण्णा एक शब्द बोलले नाहीत.

सरांनी तांबड्या शाईनं ‘ब्रोक’ खोडलं आणि वर ‘सोल्ड’ लिहिलं. “इंग्रजीत दागिना मोडत नाहीत, विकतात.”

मला ते पटलं नाही. विकणं हे व्यापाऱ्याचं काम. जनावर विकतात, कांदा विकतात. दागिना मोडतात, कारण तो तसा पुन्हा होत नाही. मी तोंडातल्या तोंडात तसं काहीतरी पुटपुटलो. सर जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “एक मात्र आहे. ज्याच्याजवळ दमडी उरली नाही, त्याला इंग्रजीतही ‘ब्रोक’च म्हणतात. म्हणजे तू अगदीच चुकला नाहीस.” आणि वही परत देताना, “नोकरी लागली की आधी त्या पाटल्या कर.”

“व्हय सर,” मी म्हणालो. त्या शनिवारी गावी गेल्यावर आईलाही तसंच सांगितलं. ती चुलीपुढं हसली.

मी पुढं शिकलो, इंग्रजीचाच मास्तर झालो. पहिल्या पगारात पाटल्या बसत नव्हत्या. मग विहिरीचं कर्ज निघालं. मग बहिणीचं लग्न. मग स्वतःचं बिऱ्हाड. दर दिवाळीला वाटायचं, औंदा करू. सोनं काही माझ्यासाठी थांबलं नाही.

एक दिवस चुलतभाऊ शाळेत आला. “आण्णांस्नी जरा बरं न्हाई. चल.” एस.टी.त तो पावसाचं बोलला, बैलांचं बोलला, नव्या सोसायटीचं बोलला. गावच्या फाट्यावर उतरल्यावर त्यानं फक्त माझा हात घट्ट धरला. त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण ‘ब्रेक द न्यूज’ म्हणजे काय ते मला त्या दिवशी त्यानं शिकवलं.

घरात शिरलो. आई भिंतीला टेकून बसली होती. हिरवी काकणं वाढवली होती. दोन्ही मनगटं मोकळी. त्या हातांत पाटल्या असत्या तर निदान त्या तरी राहिल्या असत्या, हे त्या घटकेला मनात आलं आणि मला वर बघवेना.

पुढच्या दिवाळीला मी पाटल्या करून नेल्या. अडीच तोळ्यांच्याच. आईनं त्या तळहातावर घेऊन जोखल्या आणि परत दिल्या. “जड लागत्यात रं बाबा आता. सूनबाईच्या हातात घाल.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तीस वर्षं मी ‘ब्रेक’चा तो धडा शिकवला. ‘ब्रेक वन्स वर्ड’ आलं की पुस्तकातलं उदाहरण सांगायचो आणि पुढं सरकायचो. आईनं मात्र तो शब्द जन्मात काढला नाही. आल्यागेल्याला ती एवढंच सांगायची, “लई दुष्काळ पडला, पर पोराची शाळा न्हाई मोडू दिली.”